घर विकण्याआधी आम्ही काय दुरुस्त केलं, काय तसंच सोडलं आणि पैसे कुठं घालवले

घर विकायचं ठरलं त्या रात्री नवऱ्याने जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर यादी करायला घेतली. झोपेपर्यंत ४३ गोष्टी झाल्या होत्या. पहिल्या नंबरला 'किचन पूर्ण नवीन', दुसऱ्याला 'हॉलला फॉल्स सीलिंग', आणि १८व्या नंबरला, दोन कामांच्या मध्ये बारीक अक्षरात घुसवलेलं, 'हॉलच्या कोपऱ्यातली ओल'. हा क्रमच उलटा होता हे कळायला आम्हाला पाच महिने लागले, त्यात एक बाथरूम उगाचच नवीन झालं आणि हाताशी आलेलं एक गिऱ्हाईक गेलं. म्हणून हे लिहितेय, कारण दोन महिन्यांत दोघींनी मला विचारलं की विकण्याआधी काय काय करून घ्यावं, आणि फोनवर सांगताना माझं दरवेळी काहीतरी राहून जातं.

आधी आमची चूक सांगते. १९ वर्षं त्या घरात राहिलो. इतकी वर्षं राहिलं की घर दिसायचंच बंद होतं हो. बेडरूमचं दार लावताना जरा उचलून लावायचं हे हाताला माहीत असतं, डोक्याला नसतं. बेसिनचा नळ बंद करताना शेवटी एक झटका द्यायचा, तो दिलाच जातो. कोपऱ्यातली ओल म्हणजे तर जवळपास घरातलं माणूसच. आणि उलट ज्या गोष्टींचा आपल्याला वर्षानुवर्षं कंटाळा आलाय त्या मात्र डोळ्यात खुपतात, म्हणून यादीत त्या वर. किचनचा रंग मला पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता. म्हणजे ती यादी विकण्यासाठी नव्हतीच, १९ वर्षं राहून गेलेली हौस होती सगळी.

तर झालं काय, आम्ही सगळ्यात आधी हॉल रंगवून घेतला. पेंटर म्हणाला होता, ताई, कोपरा खरवडून बघू का, ओल आतून आहे. मी म्हटलं आत्ता नको, वरून पुट्टी मारा, प्रायमर मारा, दिसता कामा नये. त्याने खांदे उडवले आणि मारलं. दिसलं नाही. नऊ दिवसांनी एक जोडपं बघायला आलं, तरुण, दोघंही खूश, किमतीचं बोलणंही बऱ्यापैकी जवळ आलं. तीन आठवड्यांनी ते परत आले ते तिच्या मावशीला घेऊन. मावशी हॉलमध्ये आल्या, कोणाशी काही न बोलता सरळ त्या कोपऱ्याकडे गेल्या (मला आजही कळलेलं नाही की त्यांना कसं कळलं), आणि रंगाला एक फोड आला होता, साधारण बोटाच्या पेराएवढा, तो त्यांनी अंगठ्याने दाबला. पापुद्रा सुटून खाली पडला. आत पांढरी पूड. त्यांनी ती दोन बोटांत चोळून बघितली, हात झटकले आणि एवढंच विचारलं, "अजून कुठं कुठं रंगवलंय असं?"

कुठंच नव्हतं! पण ते आता कोण ऐकणार. त्यानंतर त्या तिघांनी अख्खं घर असं बघितलं जसं काही आम्ही त्यात प्रेत लपवलंय. कपाटं पुढं ओढून बघितली, सिंकखाली मोबाईलचा उजेड मारला, बाथरूमला नवीन टाइल्स का घातल्या म्हणून विचारलं (ते सांगते पुढं). दुसऱ्या दिवशी फोन आला की आमचा विचार बदललाय. ती ओल खरं तर लहान काम होतं. आम्ही ते झाकलं म्हणून ते मोठं झालं.

यावर नंतर दादाने, म्हणजे माझ्या भावाने, एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला, पुढं २००१ मध्ये त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. मुद्दा असा की विकणाऱ्याला गाडीचं सगळं माहीत असतं, घेणाऱ्याला काहीच नाही, मग घेणारा काय करतो तर गाडी खराब असेल असं धरूनच भाव सांगतो, आणि चांगली गाडी असणाऱ्यालाही खराब गाडीचाच भाव मिळतो. घराचं तेच. घेणाऱ्याला दिसलं एक, तर तो त्याच्यामागे न दिसलेली दहा धरतो. मिस्त्रीला शंभर लागणार असतील तर हा पाचशे कापून मागतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मग आम्ही परत बसलो, डायरी काढली आणि प्रत्येक कामापुढं एकच प्रश्न: हे बघून येणाऱ्याला शंका येईल, का नुसतं आवडणार नाही? शंका येईल ते करायचं. आवडणार नाही ते सोडून द्यायचं, कारण त्याची आवड काय आहे हे आपल्याला कुठं माहितीय. ४३ पैकी १२ उरली. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मानला.

ओलीपासून सुरुवात केली आणि इथं जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेक घरांत हे निघतंच. ओल दिसते एकीकडे आणि पाणी येत असतं दुसरीकडून. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं असेल, जमिनीतून वर चढणारं असेल, भिंतीपलीकडच्या बाथरूमचं असेल, नाहीतर नुसती घरातली वाफ गार भिंतीवर बसत असेल, आणि या प्रत्येकाचा इलाज वेगळा. शेवटचं ओळखायला एक सोपी गोष्ट आहे. भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, त्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस विसरून जायचं. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरून आले तर खोलीतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा, झालं. आमच्याकडे आतून आले, आणि बरेच आले.

भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं. नवीन केलेलं नव्हे, जुनं, ज्याला आम्ही हात लावला नव्हता कारण ते दिसायला चांगलं होतं! प्लंबर काकांनी नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतलं पाणी जायची जाळी असते तिथं, कापडाचा बोळा लावला, जमिनीवर दोन बोटं पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पाण्याच्या पातळीची खूण केली आणि २४ तासांनी येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बरंच खाली. थोडं उडून जाणार हे धरूनही बरंच खाली. ट्रॅपच्या भोवतीचा सांधा गेला होता, आणि कोपऱ्यातल्या दोन टाइल्समधलं ग्राउट, म्हणजे फटीत भरलेला माल, इतकं झिजलेलं की नखाने निघत होतं. तेवढा भाग फोडून, वॉटरप्रूफिंग करून, परत टाइल बसवून, परत २४ तास पाणी भरून बघितलं. खूण हलली नाही. हे सगळं होताना मी मोबाईलवर फोटो काढत राहिले, तेव्हा उगाच, पण नंतर त्याचाच उपयोग झाला.

आणि भिंत? तिला वाळू द्यावं लागतं. इथंच सगळे घाई करतात. आत ओल असताना वरून रंगाचा पडदा मारला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, पाण्याबरोबर येणारे क्षार रंगाच्या मागे साचून त्यांचे खडे होतात आणि ते रंगाला ढकलून देतात. मावशींच्या बोटांवरची पांढरी पूड ती. आम्ही खराब गिलावा पार विटेपर्यंत खरवडला, भिंत तशीच उघडी ठेवली, नवीन गिलावा केला आणि रंगाआधी पूर्ण २८ दिवस थांबलो. त्या काळात हॉल इतका भिकारडा दिसत होता की विचारू नका. दोन लोक बघून गेले त्या काळात, त्यांना सरळ दाखवलं की हे असं होतं, इथून पाणी येत होतं, हे बंद केलंय. दोघांनीही तोंड वाकडं केलं नाही. उघडी भिंत बघून कोणी घाबरलं नाही, रंगवलेली बघून पळाले होते.

आता ते नवीन बाथरूम. बेडरूमचं बाथरूम ठणठणीत होतं, फक्त टाइल्स जुन्या फॅशनच्या, तर आम्ही ते सुरुवातीच्या दिवसांतच पूर्ण फोडलं आणि गडद राखाडी टाइल्स, काळे नळ, काचेचं पार्टिशन वगैरे केलं. मला अजूनही आवडतं ते. यादीतला सगळ्यात मोठा खर्च तो. नंतर जेवढी माणसं घर बघायला आली त्यातल्या एकीने दारातूनच म्हटलं, "अंधारं आहे नाही का हे? हे आपल्याला बदलावं लागेल." नवऱ्याला म्हणाली ती, तिच्या, पण ऐकू मला आलं. आम्ही अख्खं बाथरूम बदललं ते बदलण्यासारखं बाथरूम तयार करायला. त्याऐवजी जुन्या टाइल्समधलं काळं पडलेलं ग्राउट खरवडून नवीन भरलं असतं, बेसिनच्या कडेचं बुरशी लागलेलं सिलिकॉन कापून नवीन मारलं असतं, तर दोन दिवसांत ते बाथरूम स्वच्छ आणि नवंच वाटलं असतं. (सिलिकॉन मारल्यावर निदान एक दिवस तिथं पाणी पडू देऊ नका, ते वरून लगेच सुकल्यासारखं वाटतं, आतून नाही.) दुसऱ्या बाथरूमला शेवटी आम्ही हेच केलं आणि तिथं कोणीही काहीही बोललं नाही. विकताना कोणी काही न बोलणं म्हणजेच पास.

किचनवर आमचं घरात भांडण झालं. नवऱ्याचं म्हणणं, घर किचनवर विकलं जातं. दादाचं म्हणणं, बरोबर, पण कोणाच्या किचनवर? नवीन माणूस किती उंच आहे, ओटा केवढा हवा, ड्रॉवर हवेत का कपाटं, फ्रिज कुठं, हे तुम्ही ठरवणार का? मी मध्ये बसून दोघांनाही हो म्हणत होते. शेवटी दादा म्हणाला की चला, आपण आजूबाजूला विकायला असलेली चार घरं बघून येऊ, गिऱ्हाईक म्हणून. आणि हे मी सगळ्यांना सांगेन, पैसे खर्च करायच्या आधी हे करा, याला एक पैसा लागत नाही. चार घरांत फिरल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, आपल्या भागातल्या, आपल्याएवढ्या घराला एक वरची मर्यादा असते, तुम्ही आत सोनं लावलं तरी घेणारा त्याच्या वर जात नाही कारण त्या पैशात त्याला पलीकडे मोठं घर मिळतं. दुसरं, चारपैकी एका घरात चकाचक नवीन किचन होतं आणि ते बघून मला काय वाटलं असेल? की बापरे, याचे पैसे हे आपल्याकडून काढणार, आणि मला तर हा रंग नकोय. नवरा परत येताना गाडीत गप्प होता. किचन यादीतून गेलं.

गेलं म्हणजे काहीच केलं नाही असं नाही. कपाटांचे सांगाडे धड होते, मग फक्त दारांची हँडल्स बदलली, ढिल्या बिजागऱ्या आवळल्या, सिंकखालची फुगलेली प्लायची फळी बदलली, ओट्याच्या मागच्या टाइल्स घासून घेतल्या. हँडल्सचा एक धडा: जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून मग दुकानात जा. ही अंतरं बहुतेक ३२ मिलिमीटरच्या पटीत येतात, ६४, ९६, १२८ अशी. मी अंदाजाने ९६ची २२ हँडल्स आणली, घरी आल्यावर बघते तर भोकं १२८ची. दुकानदाराने बदलून दिली पण ज्या नजरेने बघितलं ना.

नवऱ्याचं अजून एक प्रकरण होतं, त्याने स्वतः बनवलेलं भिंतभर पुस्तकांचं शेल्फ. दोन वर्षांचे रविवार गेले होते त्यात. त्याचं म्हणणं, याची किंमत वेगळी धरायची. आता काय बोलणार. १९९०च्या सुमारास कानेमन, नेच आणि थेलर या तिघांचा कपांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, अर्ध्या विद्यार्थ्यांना कप दिले आणि विकायला सांगितलं, अर्ध्यांना विचारलं कितीला घ्याल. ज्यांच्या हातात कप होता ते घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट भाव सांगत होते, आणि कप हातात येऊन त्यांना किती वेळ झाला होता, थोडासाच. आपल्या हातात घर १९ वर्षं होतं. मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला, कप त्यांनी बनवला नव्हता. मी विषय सोडला. शेल्फ विकत कोणी घेतलं नाही, सोडूनच आलो, पण निदान त्याला पॉलिश करायचा खर्च मी थांबवला.

उरलेली कामं बहुतेक छोटी होती, आणि सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पाडला असं माझं मत आहे. बघायला येणारा माणूस हाताने घर बघतो. दार उघडतो, बटण दाबतो, नळ सोडतो, खिडकी सरकवतो. यातलं एक जरी अडलं तरी त्याला वाटतं की या लोकांनी घराकडे लक्षच दिलेलं नाही, मग पाइप आणि वायरिंगचं काय केलं असेल. ते उचलून लावायचं बेडरूमचं दार, त्याच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकात फिरत होते, पकडत नव्हते. सुताराने भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या तीन काड्या ठोकल्या, वरून कापल्या, वाळू दिलं आणि त्यातच स्क्रू परत आवळला. १९ वर्षांचा त्रास, काम १५ मिनिटांचं. मी ते दार त्या दिवशी उगाच आठ-दहा वेळा लावून बघितलं.

फ्लशच्या टाकीतून पाणी गळतंय का बघायला टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि फ्लश न करता २० मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय, स्वस्तातली वस्तू आहे. मुख्य दारही बघा. कुलूप उघडेपर्यंत पाहुणे तिथं उभे असतात, त्यांना बघायला दुसरं काही नसतं, तर ते दार, बेल, पायपुसणं, वरचा दिवा आणि कोळ्याची जाळी हेच बघतात. आम्ही दार फक्त घासून पॉलिश केलं, कडी बदलली आणि बेलचं पिवळं पडलेलं बटण बदललं.

वासाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, नाकाला सवय होते, चार दिवस बाहेर राहून आलं की दारातून पहिला जो श्वास घेतो तेव्हा जे जाणवतं तोच पाहुण्यांना जाणवतो. आमच्याकडे ते न वापरलेल्या बाथरूममधून यायचं. ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि तेच गटारातला वास अडवतं, बाथरूम काही आठवडे वापरलं नाही की ते उडून जातं आणि वाट मोकळी. इलाज काय तर बादलीभर पाणी ओता. एवढंच! आणि कृपा करून बघायला येणाऱ्यांच्या आधी रूम फ्रेशनर मारू नका, ज्याला शंका यायची त्याला त्यानेच येते की हे काय झाकतायत.

दिवे. आमच्या हॉलमध्ये तीन बल्ब तीन रंगांचे होते, जो उडेल तो बदलत गेलो, म्हणून एकच भिंत एकीकडे पिवळी आणि एकीकडे निळसर दिसायची, मला वाटायचं रंगच खराब लागलाय. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो, २७००-३००० म्हणजे पिवळसर ऊबदार, ४०००च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे पांढरा-निळा. एका खोलीत एकच आकडा ठेवा. आणि खिडक्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी धुवा, जाळ्या काढून धुवा. जाळ्या धुतल्यावर नवरा म्हणाला, आज ऊन जास्त आहे का?

वायरिंगला हात लावायचा का यावर आम्ही अडकलो होतो. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून एकदा सगळं तपासून घेतलं, दोन काळे पडलेले सॉकेट बदलले, अर्थिंग बघितलं आणि शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी नव्हती ती बसवली, ३० मिलिअँपिअरची. दिसत नाही कोणाला, फोटोत येत नाही, पण ज्याला कळतं तो बोर्ड उघडून आधी तेच बघतो, टेस्टचं बटण दाबतो आणि मेन पडला की मान हलवतो. एकाने केलं तसं.

भेगांचंही तसंच, सगळ्या भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक नुसत्या गिलावा आकसल्याच्या असतात, भरून रंगवून टाका. पण तिरकी जाणारी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, नाणं आत जाईल इतकी रुंद, किंवा वाढत चाललेली भेग असेल तर तिच्यावर पुट्टी मारू नका, आधी इंजिनिअरला दाखवा. वाढतेय का बघायचं तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवा. आणि स्लॅबचा तुकडा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर तेही रंगाचं काम नाही, गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो म्हणूनच तो काँक्रीट फोडून बाहेर येतो, वरून लिंपलं तर परत फोडणार.

काय केलं नाही तेही सांगते. फरशी बदलली नाही. फॉल्स सीलिंग नाही. खिडक्या नाहीत. एसी नवीन नाही. बाल्कनी आत घ्यायचा विचार होता, तो तर कानाला खडा, कारण परवानगीशिवाय असा बदल केला की कागदावरचं घर आणि समोरचं घर जुळत नाही, आणि घेणाऱ्याचं कर्ज तिथंच अडकू शकतं. रंग शेवटी केला, सगळी धूळ-तोडफोड संपल्यावर, सगळीकडे एकच फिका ऑफ-व्हाइट. बेडरूमची माझी गडद हिरवी भिंत त्यात गेली. दोन हात पुरले नाहीत, खालचा हिरवा डोकावत राहिला, तिसरा मारावा लागला.

दादा म्हणत होता की काही कामं न करता तेवढे पैसे किमतीत कमी करून टाका. हे मला अर्धंच पटतं. आवडीनिवडीच्या कामांना चालतं, उलट घेणाऱ्याला बरंच वाटतं की आपण आपल्या मनासारखं करू. पण पाणी, वीज, छत यात नाही चालत, कारण घेणाऱ्याकडे घराचे हप्ते सुरू झाल्यावर हातात रोख फारशी उरत नाही, आणि राहायला येण्याआधी भिंत फोडायची कल्पनाच त्याला नको असते. तो मग तुमच्या सवलतीपेक्षा जास्त कापून मागतो किंवा येतच नाही.

शेवटी ज्यांनी घर घेतलं ते कुटुंब तिसऱ्या खेपेला त्यांच्या आजोबांना घेऊन आलं. बारीक, ताठ, हातात किल्ल्यांचा जुडगा. मावशींचा अनुभव गाठीशी होता, मला घाम फुटला. आजोबा हॉलच्या मधोमध खाली बसले, म्हणजे उकिडवेच बसले त्या वयात, आणि किल्लीच्या टोकाने एकेक टाइल वाजवायला लागले. टक, टक, टक. ज्या टाइलखाली माल नीट भरलेला असतो ती बद्द वाजते आणि जी पोकळ असते तिचा आवाज वेगळा येतो, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. अख्खा हॉल वाजवला त्यांनी, आम्ही सगळे उभे. खिडकीजवळच्या दोन टाइल्सवर थांबले आणि वर बघितलं.

मी म्हटलं, हो, त्या दोन पोकळ आहेत, फाइलमध्ये लिहिलंय. मग फाइल दिली त्यांना. त्यात बाथरूमचं काम चालू असतानाचे फोटो होते, तारखांसकट, पाणी भरल्याच्या पेन्सिलच्या खुणेचा फोटो होता, वॉटरप्रूफिंगचं बिल, इलेक्ट्रिशियनचं बिल, रंगाच्या डब्यावरचा शेडचा कोड, आणि एक पान मी हाताने लिहिलेलं, 'काय केलं नाही' असं वर लिहून: फरशी मूळचीच, दोन टाइल्स पोकळ, बाल्कनीचं दार पावसात फुगतं, किचन मूळचं. नवऱ्याला हे पान मुळीच मान्य नव्हतं, आपण होऊन कशाला सांगायचं म्हणून. आजोबांनी बाकीचं चाळलं आणि ते पान दोनदा वाचलं. खिशातून चष्मा काढून. मग मला विचारलं, "याच टाइल्स शिल्लक आहेत का तुमच्याकडे कुठं?"

होत्या. माळ्यावर, १९ वर्षांपूर्वीच्या खोक्यात, चार. व्यवहार झाल्यावर ज्या दिवशी किल्ल्या द्यायला गेलो त्या दिवशी सगळे सेल्फी काढत होते, आणि आजोबा माळ्याखाली स्टूल घेऊन उभे होते, म्हणाले किल्ल्या याच्याकडे द्या, आधी ते खोकं काढा.